ट्रॅक्टरचे पुढचे टायर बदलताना: काळ्या मातीच्या वावरासाठी निवड कशी करावी

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरबद्दल शेतकरी पुष्कळ विचार करतो, कारण तो मोठा असतो, महाग असतो आणि ओढण्याची सगळी ताकद त्याच्यातूनच जमिनीत उतरते. पुढच्या टायरची वेळ आली की मात्र बहुतेकदा दुकानात जाऊन ‘सहा-सोळाची जोडी द्या’ एवढेच सांगितले जाते आणि दुकानदार जी जोडी पुढे करील ती ट्रॉलीत टाकून घरी आणली जाते. नागपूर जिल्ह्यातल्या शेतीचा विचार केला, तर ही पद्धत परवडणारी नाही. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत फिरणारा ट्रॅक्टर, उमरेड-भिवापूरकडच्या भारी काळ्या जमिनीत वखरणी करणारा ट्रॅक्टर आणि रामटेक-मौद्याच्या धानाच्या बांधीत चिखलणी करणारा ट्रॅक्टर हे तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे असले, तरी त्यांच्या पुढच्या टायरकडून अपेक्षित असलेले काम वेगवेगळे असते.

हे काम नेमके काय आहे, ते आधी समजून घ्यावे. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे पुढचे चाक काहीच ओढत नाही. मागून ढकलले जाणे, पुढच्या भागाचे वजन पेलणे आणि दिशा देणे एवढेच त्याच्या वाट्याला येते. यापैकी दिशा देण्याचे काम सर्वांत अवघड आहे. रस्त्यावर रबर आणि डांबर यांच्यातील घर्षणावर ट्रॅक्टर वळतो, पण नांगरलेल्या किंवा ओल्या वावरात घर्षण पुरत नाही. तेथे टायरवरच्या गोलाकार उभ्या पट्ट्या, ज्यांना रिब म्हणतात, मातीत रुतून बाजूला आधार घेतात आणि त्या आधारावर ट्रॅक्टरचे तोंड वळते. रिब झिजून बुटक्या झाल्या की स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी चाक मातीवरून तिरपे घसरत सरळच पुढे जाते. मग चालक एका बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवू लागतो. प्रत्येक तासाच्या शेवटी, धुऱ्याजवळ असे वळण घेतले की मागच्या टायरची झीज वाढते, ब्रेक लवकर जातात आणि डिझेलही जास्त लागते. पुढच्या टायरवर वाचवलेला पैसा अशा रीतीने दुसरीकडून जातो.

आधी जुना टायर वाचावा

नवीन टायर निवडण्याची सुरुवात दुकानात होत नाही, ती आपल्या अंगणात, जुन्या टायरपाशी होते. टायर कसा झिजला आहे हे पाहिले की ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलची प्रकृती कळते, आणि ती न सुधारता नवीन जोडी चढवली तर तीही त्याच वाटेने जाते. माझा आग्रह असा आहे की, एक्सलची तपासणी झाल्याशिवाय टायरचे पैसे मोजूच नयेत.

मधली रिब झिजली असून कडेच्या रिब शाबूत असतील, तर हवा गरजेपेक्षा जास्त ठेवली गेली आहे. याउलट दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग तुलनेने चांगला राहिला, तर हवा कमी होती किंवा पुढे सतत जास्त वजन होते. रिबवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागत असेल, तर चाके एकमेकांना हव्या त्या कोनात नाहीत, म्हणजे टो-इन बिघडलेले आहे. टायरच्या घेरावर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर व्हील बेअरिंग ढिले आहे किंवा किंगपिनचे (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळते तिचे) बुश गेले आहेत. एकच कड झिजली असेल तर किंगपिन, वाकलेला स्पिंडल किंवा एक्सलची सेंटर पिन यांपैकी काहीतरी तपासावे लागेल. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक भेगांचे जाळे दिसत असेल, तर मात्र तो दोष एक्सलचा नसून वयाचा आणि उन्हाचा आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचे रबर रिब शिल्लक असतानाच कडक होऊन जाते.

ही तपासणी घरच्या घरी करता येते. ट्रॅक्टर टणक व सपाट जागी उभा करून, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि पुढचा एक्सल जॅकवर उचलावा. काळ्या मातीत जॅक एका बाजूने खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी अवश्य ठेवावी आणि उचललेल्या एक्सलखाली भक्कम आधार दिल्याशिवाय चाकापाशी बसू नये. त्यानंतर चाक वरून आणि खालून धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा किंगपिनमध्ये ढिलाई आहे. तेच चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर हालचाल जाणवली तर टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडून वळवणाऱ्या दांड्याचे) एंड पाहावेत. चाक मोकळे फिरवून त्याचा आवाज ऐकावा. बेअरिंगमध्ये धान्य भरडल्यासारखी घरघर येत असेल तर ते ग्रीस भरून सुधारत नाही, बदलावेच लागते. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हबची (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाची) सील खराब होऊन पाणी आत जाण्याचा प्रकार फार होतो, त्यामुळे धान पट्ट्यातील शेतकऱ्यांनी टायर बदलताना सील आणि ग्रीस यांचाही खर्च धरूनच चालावे.

टो-इन मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चाके सरळ ठेवून, हबच्या उंचीवर, दोन्ही टायरच्या मधल्या रिबवर पुढच्या बाजूने खडूची खूण करावी आणि त्या दोन खुणांमधले अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर हळूच पुढे घेऊन त्याच खुणा मागच्या बाजूला, पुन्हा हबच्या उंचीवर आल्या की परत मोजावे. पुढचे अंतर मागच्या अंतरापेक्षा काही मिलिमीटर कमी असायला हवे. नेमके किती, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि मॉडेलनुसार बदलते. एक्सलची रुंदी कमी-जास्त केल्यानंतर टाय रॉडची लांबीही दोन्ही बाजूंना सारखी बदलावी लागते, आणि टो-इन बिघडण्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते: आंतरमशागतीसाठी चाकांतील अंतर बदललेले असते, पण टाय रॉड अंदाजाने जोडलेला असतो.

वावर कोणते, आणि रस्ता किती

आता खरी निवड. वर्षभरात आपला ट्रॅक्टर किती काळ वावरात चालतो आणि किती काळ ट्रॉली घेऊन रस्त्यावर धावतो, याचे उत्तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःलाच द्यावे. गावातील भाड्याची कामे, कळमन्याच्या बाजारात माल नेणे, वीटभट्टीच्या फेऱ्या, रेती-गिट्टीची वाहतूक हे सारे धरले, तर कित्येक ट्रॅक्टरचे निम्म्याहून अधिक आयुष्य डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांवर जाते. अशा ट्रॅक्टरला उंच आणि धारदार रिबचा टायर घेतला तर तो वावरात छान वळेल, पण रस्त्यावर लवकर घासला जाईल. रिब रुंद आणि एकमेकींच्या जवळ असलेला टायर रस्त्यावर टिकतो, परंतु मातीत कमी रुततो. दोन्ही गुण पूर्णपणे एकाच टायरमध्ये मिळत नाहीत, त्यामुळे आपले मुख्य काम कोणते ते ठरवूनच दुकानाची पायरी चढावी.

टायरच्या बाजूला रिबचा प्रकार सांगणारे सांकेतिक अक्षर छापलेले असते. एफ-१ म्हणजे एकच उंच रिब असलेला, धानाच्या चिखलासाठीचा टायर. एफ-२ म्हणजे शेतीकामाचा, एकापेक्षा अधिक रिब असलेला टायर. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरवर हाच, तीन रिबचा असतो. एफ-३ हा कठीण जमिनीवरच्या आणि बांधकामाच्या कामासाठीचा, कमी खोल रिबचा टायर आहे. लोडर किंवा डोझर लावून ट्रॅक्टर केवळ मातीकामाला वापरणाऱ्यांनी एफ-३चा विचार करावा. शेती करणाऱ्याने तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

एफ-२मध्येही टायरागणिक फरक असतो आणि काळ्या मातीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. आपली काळी माती कोरडी असताना भेगाळते व दगडासारखी कठीण होते, आणि ओली झाली की फुगते व चिकटते. तिच्यातील चिकणमातीच्या कणांचा तो मूळ स्वभाव आहे. पावसाळ्यात अशा वावरात चाक फिरले की रिबमधल्या खाचा मातीने भरून जातात. खाच अरुंद आणि सरळ भिंतींची असेल तर माती तिथेच बसून राहते आणि दहा-वीस पावलांत तीन रिबच्या टायरचा गुळगुळीत गोळा होतो, मग रिब कितीही उंच असोत, त्यांचा उपयोग संपतो. म्हणून भारी जमिनीसाठी टायर निवडताना खाच तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद आहे ना, रिबच्या भिंतींना उतार आहे ना, आणि मधली रिब कडेच्या रिबपेक्षा स्पष्टपणे उंच आहे ना, या तीन गोष्टी बोट घालून पाहाव्यात. मुरमाड, हलक्या जमिनीत हा प्रश्न तितका येत नाही; तिथे दगडाने रबराचे टवके उडू नयेत म्हणून रुंद आणि भरीव रिब अधिक बरी.

धानाच्या बांधीत परिस्थिती वेगळी असते. चिखलणीच्या वेळी पुढचे चाक चिखलातून ढकलत न्यावे लागते आणि चाक जितके खोल रुतेल तितका मागच्या चाकांवर भार वाढतो. अशा वेळी चाकाचा व्यास जितका मोठा, तितके ते चिखलावर सहज चढते, म्हणून पुस्तिकेने मोठ्या व्यासाच्या चाकाची परवानगी दिली असेल तर धान पट्ट्यात ते घेण्यात फायदा आहे. मागे केजव्हील (चिखलणीची लोखंडी चाके) लावून पुढे झिजलेले टायर तसेच ठेवणे मात्र धोक्याचे आहे, कारण मागून ताकद भरपूर मिळते आणि पुढून दिशा मिळत नाही. बांधीच्या पारीवर चढताना हा असमतोल अपघाताला कारण ठरू शकतो.

संत्र्याच्या बागेबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. नागपुरी संत्र्याची लागवड साधारणपणे ६ बाय ६ मीटरवर असते, आणि झाडे मोठी झाली की फांद्यांमधून ट्रॅक्टरला मिळणारी वाट त्याहून बरीच अरुंद उरते. तिथे चाक घसरून ट्रॅक्टर अर्धा हात बाजूला गेला तरी बुंध्याला किंवा वरच्या मुळांना इजा होते, आणि संत्र्याला झालेली जखम म्हणजे डिंक्यासारख्या रोगाला उघडलेले दार असते. त्यातच संत्र्याची अन्न घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात, त्यामुळे ओलित केल्यानंतर लगेच जड ट्रॅक्टर फिरवला की ती माती दाबली जाऊन मुळांची हवा कोंडते. बागेतल्या ट्रॅक्टरला म्हणून अचूक वळणारा, चांगल्या रिबचा टायर हवा आणि हवेचा दाब पुस्तिकेतील वावराच्या मर्यादेत ठेवलेला हवा. अनेक बागायतदार हल्ली बागेसाठी लहान ट्रॅक्टर ठेवतात. त्यांच्या टायरचा आकार वेगळा असतो आणि तो प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून फवारणीचा हंगाम तोंडावर येण्याआधीच त्याची चौकशी करून ठेवावी.

कपाशी आणि तुरीच्या वावरात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे कापलेल्या पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटे. तिरप्या कापामुळे ती भाल्यासारखी टोकदार होतात आणि टायरची बाजूची भिंत फाडतात. धुऱ्यावरच्या बाभळीचा काटा ट्यूबपर्यंत पोहोचतो, पण तो पंक्चरपुरता असतो. धसकटाने भिंत फाटली तर टायरच जातो. जास्त प्लायचा, म्हणजे अधिक थरांच्या ताकदीचा टायर घेतल्याने काट्यापासून पूर्ण संरक्षण मिळते हा समज चुकीचा आहे, धसकटाच्या आघाताला मात्र तो थोडा अधिक टिकतो. खरा उपाय पऱ्हाटी मुळासकट उपटणे किंवा श्रेडरने बारीक करणे हाच आहे.

आकार आणि पीआर

टायरवर ६.००-१६ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा असून दोन्ही इंचांत असतात. आपल्याकडे ३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर ६.००-१६ फार दिसतो, काही ठिकाणी ६.५०-१६ असतो आणि त्यापेक्षा मोठ्या ट्रॅक्टरवर ७.५०-१६ येतो. ‘थोडा मोठा टाकू, पुढून भक्कम दिसेल’ या विचाराने ६.००च्या जागी ७.५० चढवण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पहिली गोष्ट म्हणजे दोन्हींच्या रिमचा व्यास १६ इंच असला तरी रिमची रुंदी वेगळी असते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याची भिंत आत ओढली जाते, रिब गोलाकार होऊन केवळ मधलीच जमिनीला टेकते आणि टायर मध्येच झिजतो. दुसरे असे की ६.००-१६चा बाहेरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर आणि ७.५०-१६चा सुमारे ८०५ मिलिमीटर असतो, म्हणजे ट्रॅक्टरचे नाक सुमारे ३५ मिलिमीटर वर उचलले जाते, स्टिअरिंग जड होते आणि पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का तेही पाहावे लागते.

पिकांच्या ओळींचाही हिशेब आहे. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल, तर सुमारे १६ सेंटिमीटर रुंदीचा ६.००चा टायर मधोमध चालला की दोन्ही बाजूंना जवळपास साडेचौदा सेंटिमीटर जागा राहते; २० सेंटिमीटरहून थोड्या अधिक रुंदीच्या ७.५०च्या टायरला ती सव्वाबारावर येते. आकडा लहान वाटतो, पण चालकाचा हात थोडा हलला तरी फांद्या चिरडल्या जातील की नाही हे त्यावरच ठरते. पुस्तिकेत एकापेक्षा अधिक आकारांना मान्यता असेल तरच बदल करावा आणि तोही त्या आकाराच्या रिमसह करावा.

८ पीआर, ६ पीआर (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग) हे आकडे टायरची वजन पेलण्याची ताकद दर्शवतात. आत मोजून तितकेच थर असतात असे नाही. पूर्वीच्या थरांच्या तुलनेत ताकद किती ते त्यातून समजते. पुढे लोडर, फवारणीची टाकी किंवा जड बंपर आणि वजने लावलेली असतील, तर मूळ टायरपेक्षा कमी पीआरचा टायर कधीही घेऊ नये. नुसत्या बागेतल्या हलक्या कामाला मात्र गरजेपेक्षा जास्त पीआर घेतल्याने भिंत कडक होते आणि टायर जमिनीशी जुळवून घेत नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट इथेच नमूद करतो. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मोकळा उभा असताना सर्वसाधारणपणे त्याच्या वजनाचा ३५ ते ४० टक्के भाग पुढच्या चाकांवर असतो, पण मागे औजार उचलले किंवा ते जमिनीत जोराने ओढले की हा भार मागे सरकतो. एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला नाही, तर जगातला कोणताही टायर ट्रॅक्टर वळवू शकणार नाही. मोठा रोटाव्हेटर उचलल्यावर ट्रॅक्टर वळत नाही अशी तक्रार असेल, तर टायरआधी पुढची वजने पाहावीत. क्षमतेपेक्षा अधिक भरलेली ट्रॉली घाटात किंवा पांदण रस्त्याच्या चढावर नेताना पुढची चाके उचलली जाण्याचे कारणही हेच आहे, आणि त्याला टायर बदलणे हा उपाय नाही, ओझे कमी करणे हाच आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर

इथे सगळे नियम बदलतात. पुढचे चाकही ओढत असल्याने त्यावर रिबऐवजी मागच्यासारखे तिरपे लग (रबराचे जाड उंचवटे) असतात, आणि गिअरची रचना पुढच्या व मागच्या टायरच्या ठरावीक घेरांवर आधारलेली असते. पुढचे चाक जमिनीवर मागच्यापेक्षा किंचित जास्त अंतर, साधारणपणे १ ते ५ टक्के अधिक, कापू पाहील अशी ती योजना असते. मागचे टायर झिजून त्यांचा घेर कमी झालेला असताना पुढे कोरी जोडी चढवली की हा फरक वाढतो, आणि कडक जमिनीवर फोर-व्हील जोडून चालवल्यास पुढचे टायर घासत ओढले जातात व गिअरवर ताण येतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर फोर-व्हील सोडून ट्रॅक्टर हळू चालवावा आणि मागचे चाक पूर्ण १० फेरे घेते तोवर पुढच्या चाकाचे फेरे खुणेच्या आधाराने मोजावेत, शेवटचा अपुरा फेराही अंदाजाने धरावा. मग मातीच्या जमिनीवर फोर-व्हील जोडून तेच पुन्हा करावे. दुसऱ्या वेळचे फेरे पहिल्यापेक्षा जितक्या टक्क्यांनी जास्त, तितकी पुढच्या चाकाची आघाडी. ती उणे आली किंवा पुस्तिकेतील मर्यादेपलीकडे गेली तर आकाराची निवड चुकली आहे. एकाच आकाराच्या, पण वेगळ्या कंपन्यांच्या टायरचा घेरही थोडा वेगळा असतो, म्हणून फोर-व्हीलला मूळ कंपनीचा आणि मूळ नमुन्याचाच टायर घेणे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

दुकानात

एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, बीकेटी, गुडइयर या सर्व नावांचे शेतीचे टायर बाजारात आहेत आणि त्यांपैकी अमुक एकच चांगला असे सांगणे योग्य होणार नाही. आपल्या गावात, आपल्यासारख्याच जमिनीत, कोणाचा टायर किती हंगाम चालला हे शेजाऱ्याला विचारून घ्यावे. ती माहिती जाहिरातीपेक्षा कितीतरी उपयोगाची असते.

टायर हातात घेतल्यावर बाजूच्या भिंतीवरची चार अंकी निर्मितीची खूण शोधावी. २२२४ असे असेल तर तो २०२४ सालातल्या २२व्या आठवड्यात तयार झालेला आहे. शक्यतो वर्षाच्या आतला टायर घ्यावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कुठे ठेवला होता ते पाहावे. दुकानाबाहेर दोरीला टांगून भर उन्हात ठेवलेला सहा महिन्यांचा टायर सावलीत ठेवलेल्या दीड वर्षाच्या टायरपेक्षा वाईट असू शकतो. भिंत दाबून वाकवून पाहावी. बारीक भेगा उघडल्या तर तो परत करावा. टायरची कड, जी रिमवर बसते, तिच्यावर काप किंवा उघडी तार असता कामा नये.

दोन्ही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि नमुन्याचे घ्यावेत. एका बाजूला नवीन आणि दुसऱ्या बाजूला अर्धा झिजलेला टायर असला की ट्रॅक्टर सतत एका बाजूला ओढतो. एकच टायर अपघाताने फाटला असेल आणि दुसरा बरा असेल, तरी जोडी घेऊन बरा टायर घरी सावलीत ठेवावा. ट्रॅक्टरसोबत स्टेपनी येत नाही, आणि ऐन पेरणीत तो टायर कामी येतो.

रिमोल्ड (जुन्या टायरवर नवे रबर चढवलेला) टायर पुढे लावू नये, हे मी निक्षून सांगतो. मागच्या मोठ्या टायरवर रबर चढवून घेण्याला काही अर्थ असतो, कारण तिथे चाकाचे फेरे कमी असतात आणि किमतीत बचत मोठी असते. पुढचा टायर रस्त्यावर ट्रॉलीसह धावताना निसटलेल्या रबरामुळे ट्रॅक्टरचा ताबाच सुटतो. टायरसोबत नवीन ट्यूबही घ्यावी, कारण जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फुटते. पक्क्या बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. निर्मितीतला दोष निघाल्यास त्याशिवाय दावा करता येत नाही.

बसवताना

रिम उघडा झाल्यावर त्याच्या आतला गंज तारेच्या ब्रशने काढून रंगाचा हात द्यावा आणि वॉल्व्हच्या छिद्राची कड बोटाला टोचत नाही ना ते पाहावे. ट्यूबला बाहेरून आणि टायरला आतून टाल्कम पावडर लावावी, टायरच्या कडांना साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा ऑइल लावू नये, कारण ते रबर खाते. हवा भरून टायरच्या कडा रिमवर चहूबाजूंनी सारख्या बसल्या की एकदा सगळी हवा सोडून पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबची घडी मोडते. कड बसत नाही म्हणून टायरवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे हवा भरणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी हवा सोडून, साबण लावून पुन्हा प्रयत्न करावा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो तपासूनच चाक चढवावे, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

हवेचा दाब वावरासाठी आणि रस्त्यासाठी वेगळा असतो आणि दोन्ही आकडे पुस्तिकेत मिळतात. ते सकाळी, चाक थंड असताना मोजायचे असतात. सकाळी २५ अंशांवर ३० पीएसआय भरलेला टायर उन्हात आणि रस्त्यावर तापून ५५ अंशांवर गेला, तर आतला दाब जवळपास साडेचार पीएसआयने वाढलेला दिसतो. ती वाढ पाहून दुपारी हवा सोडणारे चालक आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेवर चालतो आणि कडा झिजू लागतात. घरी एक चांगला प्रेशर गेज ठेवावा, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर राहू नये.

टायर बसवल्यावर टो-इन पुन्हा मोजावे, आणि पहिल्या दिवसाचे काम संपल्यावर चाकाचे सगळे नट एकदा पान्याने तपासावेत, कारण नवीन रंगाच्या थरामुळे ते थोडे ढिले होतात. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रिबवरून आडवा हात फिरवून पाहावा. धार लागू लागली तर एक्सलचे काम अजून बाकी आहे, आणि ते लगेच करून घेतले तर जोडी वाचते.